चालणे हाच डाव

'डिअर एस्थर' सुरू केला की समोर एक ओसाड बेट येते. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज नावाचा द्वीपसमूह आहे, त्यातलेच एखादे. दगडी किनारा, गवताळ उतार, सतत घोंगावणारा वारा आणि दूर टेकडीवर एक मनोरा, त्याच्या टोकाला लुकलुकणारा तांबडा दिवा. संगणकावर खेळणाऱ्याचे बोट सवयीने शिफ्टच्या बटणावर जाते, कारण बहुतेक खेळांत शिफ्ट दाबली की माणूस पळायला लागतो. इथे काहीच होत नाही. उडी मारता येत नाही. दगड उचलता येत नाही. कुणाला मारता येत नाही, कारण मारायला कुणी नाहीच. चालायचे आणि बघायचे. मधूनमधून एक पुरुषी आवाज एस्थर नावाच्या बाईला लिहिलेल्या पत्रांचे तुकडे वाचून दाखवतो. दीडेक तासात बेट संपते आणि खेळही संपतो.

हा खेळ १४ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला. 'इंडी फंड' या गुंतवणूकदारांच्या छोट्या गटाने त्यात घातलेले पैसे सहा तासांच्या आत वसूल झाले आणि पहिल्या दिवसभरात १६,००० प्रती खपल्या. भांडणही लगोलग सुरू झाले. ज्यात हरता येत नाही, जिंकता येत नाही, साधे चुकताही येत नाही, त्याला खेळ कुणी म्हणावे? पैसे घेऊन नुसते पायी फिरवता काय? याच वैतागातून 'वॉकिंग सिम्युलेटर' हे नाव चिकटले. आधी ते हिणवायला वापरले जाई. पुढे २०१४ मध्ये 'स्टीम' या संगणकी खेळांच्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन दुकानाने गिऱ्हाइकांना खेळांवर लेबले लावू दिली, तेव्हा लोकांनी हेच नाव लेबल म्हणून डकवले. मग गंमत अशी झाली की ते लेबल शोधून खेळ विकत घेणारे गिऱ्हाईक तयार झाले.

प्रस्तुत पुस्तक या जातीच्या संथ, गोष्ट सांगणाऱ्या खेळांविषयी आहे. त्यात खेळांची वर्णने आहेत, ते करणाऱ्या माणसांची हकिकत आहे आणि थोडे भांडणही आहे. प्रस्तावनेत मला एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवायचा आहे: हे खेळ, खेळ म्हणून साधतात का?

हा प्रश्न विचारला की त्यांचे चाहते हात झटकतात. खेळ म्हणा, नाहीतर अनुभव म्हणा, नावात काय आहे, आवडले ना, झाले तर. हा उदारपणा मला पटत नाही. त्यात एक पळवाट आहे. 'अनुभव' म्हटले की कसलीच कसोटी उरत नाही. रटाळ चालणे 'चिंतनशील' ठरते आणि तोकडे लेखन 'सूचक'. एखाद्या कादंबरीला ती कादंबरी म्हणून वाईट आहे असे म्हणता येते, हा त्या प्रकाराचा मान आहे. तोच मान या खेळांनाही द्यायला हवा. त्यांना खेळ म्हणूनच मोजावे आणि कमी पडतील तिथे तसे सांगावे.

मोजायचे कशाने? कॅनडात तत्त्वज्ञान शिकवणारे बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ साली 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची एक व्याख्या मांडली. व्हिडिओ गेमशी तिचा काही संबंध नव्हता. तिचा आशय असा, की गरज नसलेले अडथळे आपखुशीने पत्करायचे आणि ते पार करायची धडपड करायची, म्हणजे खेळणे. चेंडू खळीत पडावा एवढाच गोल्फ खेळणाऱ्याचा हेतू असता तर त्याने तो हातात घेतला असता, चालत गेला असता आणि टाकला असता. तो काठीने मारायचा असे ठरवले, म्हणून तो खेळ झाला. सोपा मार्ग समोर दिसत असताना मुद्दाम अवघड मार्ग घेणे, हे त्याचे मर्म.

ही व्याख्या लावून पाहिली की 'हे खेळच नाहीत' म्हणणाऱ्यांची बाजू वाटते तितकी भक्कम राहत नाही. अंधाऱ्या घरात विखुरलेल्या पंधरा-वीस चिठ्ठ्यांमधून एक गोष्ट उलगडते असे समजा. त्या चिठ्ठ्या ओळीने छापून हातात दिल्या तर वाचून व्हायला दहा मिनिटे लागतील. खेळणारा तसे मागत नाही. तो दिवे लावत, खण उघडत, चुकीच्या खोलीत शिरत त्या शोधणे पसंत करतो. चालणे हाच इथला गरज नसलेला अडथळा आहे. म्हणजे प्रकार खेळाचाच झाला. पण याच व्याख्येतून या खेळांची खरी परीक्षाही सुरू होते: छापील दहा पानांतून जे मिळाले नसते ते या चालण्यातून मिळाले का? मिळाले असेल तर डाव साधला. नसेल तर चालणे ही निव्वळ वेळकाढू वाहतूक.

या परीक्षेला 'डिअर एस्थर' अर्धाच उतरतो, असे माझे मत आहे. त्याचा जन्म मात्र मोठा नमुनेदार. डॅन पिंचबेक हे इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात शिकवत. बंदूकबाजीच्या खेळांत गोष्ट कशी वाहते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. संशोधनासाठी मिळालेल्या अनुदानातून त्यांनी एक प्रयोग केला: 'हाफ-लाइफ २' या गाजलेल्या खेळाचे इंजिन घ्यायचे आणि त्यातून बंदूक, शत्रू, कोडी, सगळे काढून टाकायचे. मागे उरेल त्यावर माणूस तग धरतो का ते बघायचे. ही पहिली आवृत्ती २००८ मध्ये फुकट वाटली गेली. पुढे रॉबर्ट ब्रिस्को या कलाकाराने सगळे बेट नव्याने घडवले, आणि ते गरजेचेच होते. बंदूकबाजीच्या खेळातला नायक इतक्या वेगाने पळतो की भिंतीचा पोत कुणी निरखत नाही. चालणाऱ्याला प्रत्येक दगड दिसतो. वेग कमी केला की चित्रकाराचे काम वाढते, हे या खेळांच्या अर्थशास्त्रातले पहिले सूत्र.

'डिअर एस्थर'मध्ये पत्रांचे तुकडे दर वेळी थोडे बदलून कानी पडतात, म्हणजे दोघांनी ऐकलेली गोष्ट तंतोतंत एक नसते. कल्पना सुंदर आहे. पण तो बदल संगणक करतो, खेळणारा नाही. मी डावीकडे वळलो म्हणून काही कळले, थांबलो म्हणून काही निसटले, असे तिथे जवळजवळ होत नाही. जेसिका करी यांचे संगीत आणि गुहांमधला निळसर उजेड लक्षात राहतो. माझे पाय लक्षात राहत नाहीत.

चालत हिंडणे ही काही २०१२ ची टूम नव्हती. संगणकावरच्या अगदी आरंभीच्या साहसखेळांपैकी 'कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर' सत्तरच्या दशकात विल क्राउदर यांनी लिहिला तो केंटकीतल्या मॅमथ केव्ह या खऱ्या गुहेत उतरण्याच्या त्यांच्या छंदातून. त्यात चित्र नव्हते; उत्तर, दक्षिण असे टाइप करायचे आणि अंधारात पुढे सरकायचे. १९९३ चा 'मिस्ट' असाच एका निर्मनुष्य बेटावर हिंडवणारा, आणि तो कित्येक वर्षे संगणकावरचा सर्वाधिक खपाचा खेळ होता. त्याला कुणी खेळ नाही म्हटले नाही, कारण त्यात कोडी होती. कोडी काढून टाकल्यावर आरडाओरड झाली.

निर्मनुष्य हा शब्द इथे जरा धरून ठेवायला हवा. या खेळांत माणसे का नसतात? बेट ओसाड, घर रिकामे, गाव गायब, कुटुंब मेलेले. उत्तर पैशात आहे. चालता-बोलता, तोंडावर भाव येणारा, आपण आडवे गेलो तर बाजूला होणारा माणूस घडवणे हे व्हिडिओ गेममधले महागड्यातले महाग काम. खुर्ची, पत्र, कॅसेट घडवणे स्वस्त. १९९४ च्या 'सिस्टम शॉक'च्या कर्त्यांनीही अवकाशस्थानकावरचे सगळे लोक गोष्ट सुरू होण्याआधीच मारून टाकले आणि त्यांचे ध्वनिमुद्रित निरोप मागे ठेवले. पात्रांशी संवाद साधण्याची तेव्हाची पद्धत त्यांना पोकळ वाटत होती. तीच युक्ती 'बायोशॉक' मालिकेत आली आणि त्या मालिकेच्या दुसऱ्या भागावर राबलेल्या काही जणांनी ती 'गॉन होम'मध्ये नेली. ते चौघे होते, पोर्टलंडमध्ये एकाच भाड्याच्या घरात राहून काम करत होते. चौघांना माणूस परवडणारा नव्हता. मग माणूस नसण्याचेच कारण गोष्टीत शोधायचे.

'गॉन होम' ऑगस्ट २०१३ मध्ये आला आणि माझ्या लेखी या प्रकाराचा पहिला निखळ विजय तोच. ७ जून १९९५ ची रात्र आहे. केटी ग्रीनब्रायर युरोपभर फिरून ऑरेगनमधल्या घरी परतते. ती परदेशी असताना कुटुंबाने घर बदलले आहे, त्यामुळे घर तिलाही नवखे. बाहेर वादळ, आत चिटपाखरू नाही. दारावर धाकट्या बहिणीची, सॅमची, चिठ्ठी: मला शोधत बसू नकोस. अर्थात शोधणे हाच पुढचा सगळा खेळ.

इथे खेळणाऱ्याची भीती हे हत्यार आहे. करकरणारे लाकूड, मिणमिणते दिवे, गुप्त वाटा, पछाडलेल्या घराची वदंता. भयखेळ खेळलेल्या माणसाचे हात आपोआप सावध होतात. न्हाणीघराच्या टबात तांबडा डाग दिसतो आणि पोटात गोळा येतो. शेजारी केस रंगवायची बाटली सापडते. घरात भूत नाही, एक सतरा वर्षांची मुलगी आहे, तिचे लॉनी नावाच्या मुलीवर प्रेम आहे आणि आईबापांना ते पचलेले नाही. माळ्याच्या जिन्याशी तांबडे दिवे दिसतात तेव्हा सॅमने जिवाचे काही बरेवाईट तर केले नाही ना, या शंकेने खेळणारा पायरीवर घुटमळतो. ते घुटमळणे छापील पानावर होत नाही. वाचक पान उलटतो. इथे पाय आपला असतो आणि तो पुढे टाकायचा की नाही हे आपल्या बोटावर असते.

पण 'गॉन होम'चे खरे कसब सॅमच्या गोष्टीत नाही. ती तर तिच्याच आवाजात ऐकू येते, चुकवू म्हटले तरी चुकत नाही. कसब आहे बापाच्या गोष्टीत, जी कुणीच सांगत नाही. बाप पडेल लेखक. त्याच्या कादंबऱ्यांचा नायक काळात मागे जाऊन १९६३ ची केनेडींची हत्या टाळू पाहतो. घर त्याला ऑस्कर नावाच्या मामाकडून वारशाने मिळालेले, आणि तो मामा गावात कुणाशी संबंध न ठेवता मेलेला. तळघरात लहान मुलाची उंची मोजल्याच्या खुणा. एक तिजोरी, तिच्या कुलपाचा आकडा १९६३. आत मामाने आपल्या बहिणीला लिहिलेले क्षमायाचनेचे पत्र. त्या साली या घरात त्या पोराच्या बाबतीत काय झाले असेल, हे कुठेही लिहिलेले नाही. कित्येक जण खेळ संपवतात आणि त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. ज्याला लागतो त्याला तो स्वतः जोडलेल्या दुव्यांतून लागतो. मला विचाराल तर इथे हरता येते. खेळ ते सांगत नाही इतकेच.

या खेळावर उठलेला गदारोळ आता थोडा हास्यास्पद वाटतो. किंमत २० डॉलर आणि करमणूक दोन-तीन तासांची, ही तक्रार मोठी होती. तिच्यामागे काही जणांच्या मनात दोन मुलींच्या प्रेमकथेबद्दलची चीडही होती. ब्रिटिश अकादमीने २०१४ मध्ये त्याला पदार्पणाचा पुरस्कार दिला. अनुकरणाची लाट आली आणि ती बहुतांशी कंटाळवाणी निघाली. रिकामी घरे, टेबलावर डायरी, डायरीचे नेमके हवे तेच पान उघडे. गरिबीतून काढलेली तोड पाहता पाहता खोड झाली. 'गॉन होम'मधले कागद घरातल्या माणसांनी एकमेकांसाठी किंवा स्वतःसाठी लिहिलेले वाटतात. नकलांमधले कागद खेळणाऱ्यासाठी लिहिलेले असतात, आणि ते लगेच ओळखू येते.

संथपणाला गुण समजण्याची चूक तर खुद्द या प्रकाराच्या जनकांनी केली. पिंचबेक आणि करी यांच्या 'द चायनीज रूम' या स्टुडिओचा 'एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर' २०१५ च्या ऑगस्टमध्ये प्लेस्टेशनवर आला. १९८४ सालचे, इंग्लंडच्या श्रॉपशरमधले एक काल्पनिक खेडे. सगळे गावकरी नाहीसे झालेले, त्यांच्या जागी प्रकाशाच्या आकृत्या जुने संवाद पुन्हा बोलून दाखवतात. संगीत, ध्वनी आणि अभिनय या तिन्हींसाठी त्याला ब्रिटिश अकादमीचे पुरस्कार मिळाले आणि ते रास्तच होते. पण गाव मोठे, रस्ते लांब आणि चाल गोगलगाईची. एखादा प्रसंग मागे राहिला असे कळले तर परत जाण्यात जीव जाई. लोकांनी बोंब ठोकल्यावर उघड झाले की वेग वाढवायची सोय आहे. एक बटण दाबून धरले की चाल हळूहळू वाढत जाते. ते खेळात कुठे सांगितलेलेच नव्हते. पिंचबेक यांनी माफी मागितली. माझ्या दृष्टीने चूक त्या लपलेल्या बटणाहून मोठी होती: त्या गावात हळू चालण्याचे कारणच नव्हते. 'गॉन होम'मध्ये पुढच्या खोलीची धास्ती पाय जड करते. 'रॅप्चर'मध्ये पाय जड आहेत कारण कर्त्यांनी तसे ठरवले.

'फायरवॉच'ने याला उतारा दिला तो नकाशाचा. २०१६ चा हा खेळ. १९८९ चा उन्हाळा, म्हणजे यलोस्टोनच्या मोठ्या वणव्यानंतरचे वर्ष. वायोमिंगमधल्या शोशोनी जंगलात हेन्री नावाचा मध्यमवयीन माणूस टेहळणीच्या मनोऱ्यावर वणवे राखायला येतो. बायकोला ऐन उमेदीत स्मृतिभ्रंश झाला आहे आणि तो त्यापासून पळ काढून आला आहे. एका हातात कागदी नकाशा, दुसऱ्या हातात होकायंत्र, आणि वॉकी-टॉकीवर दुसऱ्या मनोऱ्यावरची डेलायला. ती शेवटपर्यंत भेटत नाही. माणूस न परवडण्याची तीच जुनी अडचण, पण इथे तिचेच नाते झाले आहे. ती काही विचारते तेव्हा उत्तर निवडायला काही क्षण मिळतात. गप्प राहिलात तर तेही उत्तर धरले जाते. झाडीतून वाट काढता काढता असे बोलणे हे खऱ्या चालण्याच्या फार जवळ जाते, कारण चालणाऱ्या माणसाचे अर्धे लक्ष नेहमी वाटेवर असते आणि म्हणूनच तो एरवी बोलला नसता ते बोलून जातो. खेळाच्या शेवटावर पुष्कळ जण नाराज झाले. मोठे कारस्थान असेल असे वाटत राहते आणि निघते एक छोटी, केविलवाणी गोष्ट. मला तो शेवट योग्य वाटतो, पण तिथवर नेताना खेळ कारस्थानाचे आमिष जरा जास्तच दाखवतो, हेही खरे.

आता 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच'कडे. एप्रिल २०१७ चा हा खेळ जायंट स्पॅरो या स्टुडिओचा. २०१८ मध्ये ब्रिटिश अकादमीचा सर्वोत्कृष्ट खेळाचा पुरस्कार त्याला मिळाला तेव्हा स्पर्धेत नव्या 'झेल्डा' आणि 'मारिओ'सारखे महारथी होते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका बेटावर फिंच कुटुंबाचे घर आहे. या घरातली माणसे अकाली मरतात. मेलेल्याची खोली जशीच्या तशी ठेवायची आणि जिवंतांसाठी वर नवी खोली चढवायची, असे करत घर आडवेतिडवे वाढले आहे. आईने दारे बंद करून टाकली, पणजीने त्यांना बघायला भोके पाडली. एडिथ एकेका खोलीत शिरते आणि तिथे मेलेल्या माणसाचा शेवट आपण त्याच्या हातांनी खेळतो.

यातला लुइसचा प्रसंग हा मला या प्रकाराने दिलेला सर्वोत्तम क्षण वाटतो. लुइस मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात आहे. काम एकच: मासा ओढायचा, पात्याखाली सरकवायचा, डोके उडाले की पट्ट्यावर टाकायचा. उजवा अंगठा हे करतो. त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाचे पत्र वाचले जात असते. त्यातून कळते की त्याने नशा सोडली आहे आणि या कंटाळ्यात तो मनातल्या मनात एक राज्य रचू लागला आहे. पडद्याच्या कोपऱ्यात एक इवलेसे चित्र उगवते, त्यात एक बाहुलीएवढा माणूस. त्याला डावा अंगठा चालवतो. मासा, पाते, पट्टा, डावीकडे चक्रव्यूह. चित्र वाढत जाते. गल्ल्या, नगर, समुद्र, जहाजे. थोड्या वेळाने स्वप्न सगळा पडदा व्यापते आणि कारखाना दिसेनासा होतो, पण पात्याचा आवाज चालूच असतो आणि उजवा अंगठा न बघता मासे कापत असतो. आपण ते कधी शिकलो हेही आठवत नाही. राज्याभिषेकासाठी लुइस मान खाली घालतो, आणि ती मान कुठल्या पात्याखाली आहे हे तोवर आपल्याला कळून चुकलेले असते.

हे वर्णन मी जितके नीट केले तितके ते फसले आहे, कारण या प्रसंगाचा अर्थ वाक्यांत नाही, दोन अंगठ्यांच्या फारकतीत आहे. यंत्रवत श्रमाने माणसाचे मन शरीरापासून कसे सुटते, हे कादंबरी सांगू शकते, चित्रपट दाखवू शकतो. इथे ते खेळणाऱ्याच्या हातांत घडते. सूट्सच्या व्याख्येतला गरज नसलेला अडथळा, म्हणजे मासा कापत राहणे, हाच इथे गोष्टीचा गाभा आहे. सगळेच प्रसंग या उंचीचे नाहीत. कॉमिक्सच्या पानांतून सांगितलेला बार्बराचा प्रसंग मला चतुर वाटतो, त्यापलीकडे काही नाही. शिवाय कुणी म्हणेल की हे चालणे कुठे राहिले, हे तर छोट्या छोट्या खेळांची माळ झाली. आक्षेप खरा आहे. एडिथचे घरभर चालणे हा त्या माळेचा दोरा, आणि दोराच सगळ्यांत साधा भाग आहे. पुरस्कार मिळाला तो या प्रकाराला की या प्रकारातून बाहेर पडण्याला, याचा निवाडा वाचकांनी पुढची प्रकरणे वाचून करावा.

बाजाराचा हिशेब मी थोडक्यात उरकतो, कारण त्यातून सरळ धडा निघत नाही. 'फायरवॉच'च्या पहिल्या महिन्यात पाच लाखांच्या आसपास प्रती गेल्या आणि २०१८ मध्ये तो करणारा स्टुडिओ खुद्द स्टीमची मालक असलेल्या व्हॉल्व्ह कंपनीने विकत घेतला. उलट, या वाटेवर सगळ्यांआधी चाललेल्या 'टेल ऑफ टेल्स' या बेल्जियममधल्या जोडीने २०१५ मध्ये 'सनसेट' काढला. एका काल्पनिक लॅटिन अमेरिकी देशात, १९७२ साली, एका श्रीमंताच्या घरी कामाला येणारी बाई त्याच्या वस्तूंवरून बाहेरचे बंड ओळखते. पहिल्या महिन्यात सुमारे ४,००० प्रती खपल्या आणि दोघांनी व्यापारी खेळ करणेच थांबवले. त्याच वर्षी जूनमध्ये स्टीमने नियम केला की दोन आठवड्यांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर खेळ परत करा, पैसे घ्या. दोन तासांत संपणाऱ्या खेळाचे यात काय होते हे सांगायला नको. लांबीवर किंमत ठरवणाऱ्या बाजारात हे खेळ कायम आगंतुकच राहणार.

मराठी वाचकाला यातले किती जवळचे वाटेल? आपल्याकडे गेम म्हणजे बहुतेकांना मोबाइल, आणि हे खेळ मुळात संगणकावरचे. 'एडिथ फिंच' आयफोनवर आला तो २०२१ मध्ये. पण खरी अडचण भाषेची आहे. यातल्या पात्रांना मराठी येत नाही आणि त्यांची हस्ताक्षरातली इंग्रजी पत्रे वाचायला आपल्याला दोन घटका जास्त लागतात. इथे या खेळांचा संथपणा एकदम उपकारक ठरतो. 'गॉन होम' कुणाची वाट बघत नाही, घाई करत नाही. चिठ्ठी हातात धरून शब्दकोश उघडला तरी घरात काही बिघडत नाही. 'फायरवॉच'मध्ये मात्र उत्तराचे पर्याय वाचेपर्यंत वेळ संपतो आणि हेन्री नको तिथे गप्प राहतो. इंग्रजी ज्याची घरची भाषा त्याच्यासाठी तो मौनाचा पर्याय असतो, आपल्यासाठी कधी कधी नुसती धांदल. या खेळांवरच्या इंग्रजी लेखनात हा मुद्दा माझ्या वाचनात आला नाही.

एका बाबतीत काळाने या खेळांचा सूड उगवला आहे. २०१९ मध्ये हिदेओ कोजिमा यांच्यासारख्या बड्या दिग्दर्शकाने प्रचंड खर्चाचा 'डेथ स्ट्रँडिंग' काढला, आणि त्यात मुख्य काम काय, तर पाठीवर ओझे घेऊन डोंगरदऱ्यांतून पायी सामान पोचवणे. तोल गेला की एका बाजूचे बटण दाबून सावरायचे, उतारावर जपून, नदीत पाणी किती ते बघून. चालणे इतके अवघड करून ठेवले की त्याला खेळ नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. मला तो आवडतो, पण त्याने सोपी वाट धरली असेही वाटते. चालण्याला अडखळण्याची जोड दिली की खेळ होतो, हे जुनेच. अडखळण्यावाचून, नुसत्या बघण्यातून आणि थांबण्यातून डाव उभा करायचा, हे कठीण. 'गॉन होम' करणाऱ्या फुलब्राइट या स्टुडिओच्या 'टॅकोमा'ने २०१७ मध्ये त्याची एक वाट दाखवली होती. अवकाशस्थानकावरच्या सहा जणांच्या हालचालींचे मुद्रण मागेपुढे फिरवायचे; एकदा एकीच्या मागे जायचे, मग तोच प्रसंग उलटा नेऊन दुसऱ्याच्या मागे. एकाच संभाषणात दाराबाहेर पडलेला माणूस शेजारच्या खोलीत जाऊन रडतो, हे त्याच्या मागे जाणाऱ्यालाच कळते. या कल्पनेचे पुढे जितके व्हायला हवे होते तितके झालेले मला दिसत नाही. म्हणून या पुस्तकात 'टॅकोमा'ला त्याच्या प्रसिद्धीच्या मानाने जास्त पाने दिली आहेत.

वाचणाऱ्यांना एक विनंती. 'गॉन होम' आणि 'एडिथ फिंच' यांच्यावरची प्रकरणे शक्य असेल तर ते खेळून झाल्यावर वाचा; मी इथेच बरेच फोडले आहे, तिथे काहीच राखलेले नाही. बाकीची प्रकरणे कोणत्याही क्रमाने चालतील. आणि 'फायरवॉच' खेळणार असाल तर सेटिंग्जमध्ये जाऊन नकाशावर आपली जागा दाखवणारी खूण आधी बंद करा, नाहीतर होकायंत्राला हातही लावावा लागत नाही.